तार पोचली, सांगावा राहिला

दक्षिण आशियातील वीज, रस्ते, वादळे आणि पूर: सीमेपलीकडच्या सहकार्याचा आढावा

ऑगस्ट २०२४ च्या तिसऱ्या आठवड्यात त्रिपुरात पाऊस कोसळत होता आणि गोमती नदी दुथडी भरून वाहत होती. सीमेपलीकडे बांगलादेशात फेनी, कुमिल्ला भागांत घरे पाण्याखाली जात होती. भारताने डुंबूर धरणाचे दरवाजे न सांगता उघडले, असा आरोप तिकडे घरोघरी होत होता. २२ ऑगस्टला भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने खुलासा केला. धरण सीमेपासून १२० किलोमीटरहून अधिक वर आहे, त्याची उंची जेमतेम ३० मीटर आहे आणि पूर आला तो धरणाच्या खालच्या पाणलोटात पडलेल्या पावसाने, असे त्यात म्हटले होते.

वाद त्यावरच होत राहिला. त्या खुलाशातल्या आणखी दोन तपशिलांकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पहिला असा, की या धरणाची वीज ज्या ग्रिडमध्ये जाते त्यातून बांगलादेशही त्रिपुराकडून ४० मेगावॉट वीज घेतो. दुसरा असा, की २१ ऑगस्टला दुपारी तीनपर्यंत नदीची चढती पातळी बांगलादेशाला कळवली जात होती. संध्याकाळी सहाला पुरामुळे वीज गेली आणि संपर्कात अडचणी आल्या.

म्हणजे वीज सीमेपलीकडे पोचवायला भक्कम मनोरे आणि तारा होत्या, करार होता, मीटर होता. पाणी वाढल्याचा सांगावा धाडायची व्यवस्था मात्र दिवे गेले की लंगडी पडणारी होती. दक्षिण आशियातल्या प्रादेशिक सहकार्याची सगळी कथा त्या एका संध्याकाळच्या प्रसंगात सापडते.

या कथेचा रूढ शेवट सर्वांना पाठ आहे. सार्क मोडली, २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर शिखर बैठक झालीच नाही, भारत-पाकिस्तानच्या भांडणात सगळा प्रदेश अडकला. यात खोटे काही नाही, पण हे अर्धेच खरे आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत या प्रदेशात काही गोष्टी कल्पनेपलीकडे जोडल्या गेल्या आणि काही जिथल्या तिथे राहिल्या. राजकारण सगळीकडे तेच होते. मग फरक कशाने पडला?

विजेची गोष्ट

सुरुवात भूतानपासून करावी लागते. १९७४ मध्ये भारत आणि भूतान यांच्यात चुखा जलविद्युत प्रकल्पाचा करार झाला. पैसा भारताचा, त्यातला ६० टक्के अनुदान म्हणून आणि ४० टक्के कर्ज म्हणून. नदी भूतानची. तयार होणारी जास्तीची वीज भारत विकत घेणार. ३३६ मेगावॉटचे हे केंद्र १९८६ ते १९८८ दरम्यान सुरू झाले. मग १,०२० मेगावॉटचे ताला आले, २०१९ मध्ये ७२० मेगावॉटचे मांगदेछू आले. विजेच्या विक्रीवर भूतानच्या सरकारी तिजोरीचा मोठा भाग उभा राहिला. हिवाळ्यात नद्या आटल्या की हाच देश भारताकडून वीज घेतो. सगळे काही सुरळीत झाले असेही नाही. पुनातसांगछू-१ या प्रकल्पात २०१३ मध्ये उजव्या काठाचा डोंगर सरकला आणि काम वर्षानुवर्षे रखडले. तरी मूळ व्यवहार मोडला नाही, कारण तो दोन्ही घरांच्या खर्चावहीत लिहिलेला होता.

नेपाळची वाट जास्त वळणांची. कोसीचा करार १९५४ चा, गंडकचा १९५९ चा, महाकालीचा १९९६ चा. नेपाळमध्ये यातल्या पहिल्या दोन करारांची आठवण आजही कडवट आहे. पाणी आमचे, फायदा बिहार-उत्तर प्रदेशाचा, अशी ती भावना. महाकालीवरचे पंचेश्वर धरण करारानंतर पाव शतक उलटून गेले तरी उभे राहिलेले नाही. पाण्याने समृद्ध असलेला हा देश एके काळी हिवाळ्यात दिवसाला सोळा-सोळा तास भारनियमन सोसत होता. २०१६ मध्ये ढल्केबर ते मुझफ्फरपूर ही मोठी वाहिनी सुरू झाली. त्याच वर्षी कुलमान घिसिंग यांच्याकडे नेपाळ विद्युत प्राधिकरणाची सूत्रे आली आणि त्या दिवाळीत काठमांडूचे दिवे गेले नाहीत. त्यात त्यांच्या वाटपाच्या शिस्तीचा वाटा होता, तसाच भारतातून येणाऱ्या विजेचाही होता.

त्यानंतर प्रवाह उलटा फिरला. २०१४ च्या वीज व्यापार कराराने दार उघडले होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये नेपाळला भारतीय वीज बाजारात पहिल्यांदा वीज विकण्याची परवानगी मिळाली. आकडा होता ३९ मेगावॉट, त्रिशूली आणि देवीघाट या दोन केंद्रांचा. जानेवारी २०२४ मध्ये दोन्ही देशांनी दहा वर्षांत १०,००० मेगावॉटपर्यंत जाण्याचा करार केला. पावसाळ्यात नेपाळ विकतो, हिवाळ्यात घेतो. सोळा तास अंधारात बसणाऱ्या देशाला आता पावसाळ्यात उरलेली वीज खपवायची चिंता असते.

या कथेत महाराष्ट्राचा एक धागा आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे ग्रिड उरलेल्या देशाशी एकाच वारंवारितेवर जोडले गेले. त्याआधीच भूतान भारतीय ग्रिडशी जोडलेला होता, नेपाळ पुढे आला. आज सोलापुरातल्या घरचा पंखा आणि थिंफूतल्या घरचा दिवा एकाच ५० हर्ट्झच्या ठेक्यावर चालतात. एकाने ताल चुकवला तर दुसऱ्याला जाणवतो.

बांगलादेशाशी मात्र शेजारधर्म पाळला, पण चूल वेगळी ठेवली. पश्चिम बंगालमधले बहरमपूर आणि पलीकडचे भेरामारा यांना जोडणारी व्यवस्था २०१३ मध्ये सुरू झाली. भेरामाऱ्याच्या केंद्रात भारताची प्रत्यावर्ती वीज आधी एकदिश होते आणि तिथेच पुन्हा प्रत्यावर्ती होते. त्यामुळे वीज जाते, पण एका ग्रिडचा झटका दुसऱ्याला बसत नाही. सुरुवातीची ५०० मेगावॉटची क्षमता पुढे १,००० झाली.

त्रिपुरातले पालाटाना हे आणखी बोलके उदाहरण. ७२६ मेगावॉटच्या या वायू केंद्राची अवजड यंत्रे सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्यातून आणि डोंगरी रस्त्यांवरून नेणे अशक्यप्राय होते. बांगलादेशाने आशुगंज बंदर आणि पुढचा रस्ता वापरू दिला. त्याची परतफेड म्हणून २०१६ पासून त्रिपुरातून कुमिल्ल्याला १०० मेगावॉट वीज जाऊ लागली. रस्ता दिला, वीज मिळाली.

दृष्टांत म्हणून सगळ्यात मोलाचा आकडा मात्र छोटासाच आहे: ४० मेगावॉट. ऑक्टोबर २०२४ मध्ये नेपाळ, भारत आणि बांगलादेश यांनी त्रिपक्षीय करार केला. नेपाळची वीज भारताच्या तारांतून बांगलादेशात जाणार, पावसाळ्याचे पाच महिने, युनिटला ६.४ अमेरिकी सेंट दराने. त्या १५ नोव्हेंबरला एक दिवसापुरता प्रवाह सुरू झाला आणि १५ जून २०२५ पासून तो पूर्ण हंगामासाठी सुरू झाला. ही तारीख लक्षात ठेवावी. शेख हसीना यांचे सरकार ऑगस्ट २०२४ मध्ये पडल्यापासून दिल्ली आणि ढाका यांचे संबंध गोठले होते. कोलकाता-ढाका मैत्री एक्सप्रेस बंद होती. एप्रिलमध्ये भारताने बांगलादेशी मालाची आपल्या बंदरांतून आणि विमानतळांवरून तिसऱ्या देशांत होणारी वाहतूक थांबवली होती आणि मेमध्ये तयार कपड्यांना जमिनीवरच्या नाक्यांतून बंदी घातली होती. अशा उन्हाळ्यात वीज मात्र सुरू झाली.

म्हणून वीज राजकारणाच्या वर आहे असे समजू नये. झारखंडमधल्या गोड्डा इथे अदानी समूहाचे १,६०० मेगावॉटचे केंद्र केवळ बांगलादेशासाठी उभे राहिले. ढाक्यातले सरकार पडल्यावर आठवड्याभरात भारताने नियम बदलून त्या केंद्राला देशातही वीज विकायची मुभा दिली. थकबाकी वाढली तेव्हा वर्षाअखेरीस पुरवठा निम्म्यावर आला. भारतीय नियमांनी नेपाळमधल्या चिनी भांडवलाच्या केंद्रांची वीज भारतीय बाजारात येण्याची वाट जवळपास बंद केली. मोठा ग्राहक एकच असला की शेजाऱ्याच्या मनात भीती राहते, ती अनाठायी नाही. तरीही या भांडणात दोन्ही बाजूंना आकडा माहीत असतो: किती वीज, कोणत्या दराने, किती थकबाकी. आकड्यावरचे भांडण मिटवता येते.

रस्ते, रूळ आणि नळ

या भागात फार रेंगाळायचे कारण नाही, कारण इथे घोषणा जास्त आणि चाके कमी आहेत. बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी जून २०१५ मध्ये थिंफूत मोटार वाहन करार केला. मालाचा ट्रक एका देशातून दुसऱ्यात सरळ जावा, हा हेतू. भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने पुढच्या वर्षी तो नाकारला. आपल्या अरुंद डोंगरी रस्त्यांवर शेजाऱ्यांच्या ट्रकांची रांग त्यांना नको होती आणि त्यात चूक काही नव्हते. पेट्रापोल-बेनापोल या सगळ्यात वर्दळीच्या नाक्यावर माल अजूनही एका ट्रकमधून उतरवून दुसऱ्यात भरला जातो.

रुळांची अवस्था बरी. जयनगर ते नेपाळमधले कुर्था हा मार्ग २०२२ मध्ये सुरू झाला, अखौरा-आगरतळा जोडणीचे उद्घाटन २०२३ मध्ये झाले. हल्दीबाडी-चिलाहाटी हा १९६५ च्या युद्धात बंद पडलेला मार्ग २०२० मध्ये पुन्हा उघडला. पण रुळांवरून माणसे जातात आणि माणसांना व्हिसा लागतो. ढाक्यातल्या अशांततेने मैत्री एक्सप्रेसही थांबवली.

इंधनाच्या नळाचा अनुभव वेगळा निघाला. २०१५ च्या भूकंपानंतर काही महिन्यांतच भारत-नेपाळ सीमेवर नाकेबंदी झाली आणि नेपाळमध्ये गॅस-पेट्रोलसाठी रांगा लागल्या. तो घाव खोल होता. तरी सप्टेंबर २०१९ मध्ये मोतिहारी ते अमलेखगंज ही ६९ किलोमीटरची तेलवाहिनी सुरू झाली, ती दक्षिण आशियातली देशांना जोडणारी पहिली. सिलिगुडी ते पार्बतीपूर ही बांगलादेशाची वाहिनी २०२३ मध्ये आली. नळाच्या तोंडाशीही मीटर असतोच.

वादळाला सीमा नाही, बातमीलाही नाही

एवढे वाचून कोणी म्हणेल, जिथे पैसा आहे तिथेच सहकार्य आहे. वादळांचा इतिहास हे म्हणणे खोडून काढतो.

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री भोला चक्रीवादळाने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात तीन ते पाच लाख माणसे मारली. बातमी वेळेवर आणि खाली गावापर्यंत पोचली नाही, हे त्यातले मोठे कारण. दोन वर्षांत जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा आशिया-पॅसिफिक आयोग यांनी बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्राच्या देशांचे मंडळ स्थापन केले. पुढे दिल्लीतल्या भारतीय हवामान विभागाच्या केंद्राकडे सगळ्या प्रदेशाचा इशारा देण्याची जबाबदारी आली. समुद्रात वादळ उठले की दिल्लीहून ठराविक तासांनी पत्रक निघते आणि ते ढाका, यांगून, कोलंबो, मस्कत, कराची सगळीकडे जाते. बिल कोणी कोणाला पाठवत नाही.

नावांची यादीही सामाईक. २००४ पासून आठ देश नावे सुचवत होते. २०२० मध्ये तेरा देशांची १६९ नावांची नवी यादी आली. तिच्यातले पहिलेच नाव बांगलादेशाने दिलेले होते, 'निसर्ग', आणि ते वादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या बागा ज्याने झोपवल्या त्याचे नाव ढाक्याहून आले होते. पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पाकिस्तानने नाव दिलेल्या 'गुलाब' वादळाच्या अवशेषांनी मराठवाड्यात मांजरा खोऱ्याला पूर आणला. नाव कोणी दिले याची तेव्हा कोणाला फिकीर नव्हती, आणि तसेच असायला हवे.

बांगलादेशाने त्या बातमीखाली आपली माणसे उभी केली. तिथल्या चक्रीवादळ सज्जता कार्यक्रमाचे ७० हजारांहून अधिक स्वयंसेवक किनारी गावांत भोंगे घेऊन फिरतात. मे २०२० मध्ये अम्फान आले तेव्हा तिथे वीस लाखांहून अधिक लोक आधीच निवाऱ्यात हलवले गेले. १९९१ च्या वादळात त्याच किनाऱ्यावर लाखाहून जास्त माणसे दगावली होती. २००४ च्या त्सुनामीनंतर हैदराबादच्या केंद्राने हिंदी महासागराच्या देशांसाठी इशारा देण्याचे काम घेतले, तेही असेच बिनबोभाट चालते.

नदीकाठी मात्र

आता नदीकडे वळू. १८ ऑगस्ट २००८ ला नेपाळमधल्या कुसहा गावाजवळ कोसीचा तटबंध फुटला. त्या दिवशी नदीतले पाणी दीड लाख क्युसेकच्या आसपास होते. तटबंध साडेनऊ लाख क्युसेकसाठी बांधलेला. म्हणजे पुराने तटबंध फोडला नाही, दुर्लक्षाने फोडला. तो नेपाळच्या भूमीत होता आणि करारानुसार देखभाल बिहार सरकारची. दोघांच्या मधली गोष्ट दोघांचीही राहिली नाही. नदी आपल्या सोडून दिलेल्या जुन्या पात्रांतून वाहू लागली आणि एकट्या बिहारमध्ये तीस लाखांहून अधिक लोक बाधित झाले. २८ सप्टेंबर २०२४ च्या नेपाळमधल्या अतिवृष्टीनंतर त्याच नदीवरच्या बॅरेजमधून ६.६१ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले, १९६८ नंतरचे सर्वाधिक.

ब्रह्मपुत्रेवर चीनकडून पावसाळ्यातले आकडे मिळवण्याचा करार २००२ मध्ये झाला. भारत त्यासाठी पैसेही मोजत होता. २०१७ मध्ये डोकलामचा तणाव झाला आणि त्या पावसाळ्यात आकडे आले नाहीत. मोजणी केंद्रांची दुरुस्ती चालू असल्याचे कारण चीनने दिले. त्याच हंगामात बांगलादेशाला मात्र आकडे मिळत असल्याचे वृत्त बीबीसीने दिले. २०२३ मध्ये कराराची मुदत संपली. ८ जुलै २०२५ ला तिबेटच्या बाजूने आलेल्या लोंढ्याने रसुवागढीचा नेपाळ-चीन मैत्री पूल वाहून नेला, माणसे नेली आणि खालच्या जलविद्युत केंद्रांना मार दिला. त्या दिवशी वर पाऊस फारसा नव्हता. हिमनदीवर साचलेले तळे फुटले होते, असे काठमांडूतल्या ईसीमोड या पर्वतीय संशोधन संस्थेने उपग्रहचित्रांवरून दाखवले. खालच्या माणसाला सांगणारे वर कोणी नव्हते.

सिंधूचे उदाहरण उलट बाजूने बोलते. १९६० चा करार १९६५, १९७१ आणि कारगिल या सगळ्या लढाया पचवून टिकला आणि त्याखाली आकड्यांची देवाणघेवाण होत राहिली. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित ठेवला. त्याच ऑगस्टमध्ये जम्मूत तवी फुगली तेव्हा भारताने पाकिस्तानला इशारा दिला, पण सिंधू आयोगामार्फत नव्हे, तर उच्चायुक्तालयातून, माणुसकीच्या नात्याने. इशारा पोचला हे चांगलेच झाले. पण हक्काने मिळणारा सांगावा आणि मेहेरबानीने मिळणारा सांगावा यांत काठावरच्या माणसासाठी मोठा फरक आहे. मेहेरबानी पुढच्या पुरात होईलच असे नाही.

हिशेबाचे तीन प्रकार

या सगळ्या घटना एका पाटावर मांडल्या तर एक गोष्ट दिसते. समुद्रातल्या वादळावर कोणाचा हक्क नाही. वाऱ्याचा वेग सांगितल्याने कोणाच्या वाट्याचे काही कमी होत नाही. हिशेबच नाही म्हणून बातमी मोकळी. विजेचा हिशेब पूर्ण आहे: युनिट, दर, तारीख. हिशेब ठरला म्हणून प्रवाह मोकळा. नदीचा हिशेब अर्धवट आहे. तिच्यातले पाणी किती, हे एकदा लिहून दिले की वाटणीच्या वेळी तोच कागद समोर येणार, ही भीती. म्हणून गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू या खोऱ्यांतल्या प्रवाहाचे आकडे भारतात आजही गोपनीय वर्गात मोडतात. पुराच्या दिवशी जीव वाचवणारा आकडा आणि उन्हाळ्यात खटला लढवणारा आकडा एकाच कपाटात ठेवलेला असतो, आणि कपाटाला कुलूप असते.

याचा पुरावा खुद्द गंगेवरच्या फराक्कावर आहे. १२ डिसेंबर १९९६ च्या गंगा कराराने १ जानेवारी ते ३१ मे या कोरड्या महिन्यांतल्या पाण्याची वाटणी दहा-दहा दिवसांच्या तुकड्यांत ठरवली. तिथे दोन्ही देशांचे अभियंते एकत्र उभे राहून प्रवाह मोजतात, इकडे फराक्काला आणि तिकडे हार्डिंज पुलाशी. दोन्ही देशांत सरकारे बदलली, तरी मोजणी चालू राहिली. हिशेब ठरलेल्या महिन्यांत आकडा उघड, आणि पूर येतो त्या महिन्यांसाठी तशी सामाईक मोजणी नाही. पावसाळ्यात भारत बांगलादेशाला पुराची माहिती देतो हे खरे आहे, पण ती सेवा आहे, दोघांनी मिळून धरलेली वही नव्हे. डुंबूरच्या संध्याकाळी हाच फरक नडला. तिस्तेचा करार २०११ मध्ये सह्यांच्या आदल्या दिवसांत बारगळला. तिथे अजून वहीच उघडलेली नाही.

हे परराष्ट्र धोरणाचे दुखणे आहे असे वाटत असेल तर सांगलीला जावे. दर पावसाळ्यात आयर्विन पुलावरची कृष्णेची पातळी आणि कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाचा विसर्ग हे दोन आकडे सांगलीकर एका श्वासात बोलतो. २०१९ मध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेले तेव्हा आलमट्टीच्या फुगवट्यानेच शहर बुडाले, अशी लोकांची खात्री होती. पुराची कारणे तपासणाऱ्या वडनेरे समितीने पुढच्या वर्षी तसे नसल्याचा निष्कर्ष काढला, तरी शंका पुसली गेली नाही. कारण आलमट्टीची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ करायची की नाही, हा वाटणीचा वाद अजून जिवंत आहे. एकच देश, एकच संविधान, एकच लवाद, तरी वाटणी अर्धवट असली की पुराच्या आकड्यावर विश्वास बसत नाही. मग दोन देशांकडून अपेक्षा कसली धरायची?

यावर एक आक्षेप रास्त आहे. जीव वाचवायलाही हिशेब लागावा, हे कसले शेजारपण? पण हिशेब म्हणजे किंमत नव्हे. हिशेब म्हणजे कोणी, कोणाला, किती वेळात कळवायचे आणि न कळवल्यास जाब कोणी द्यायचा, हे आधीच लिहून ठेवणे. ते न लिहिल्याने नाते मोकळे राहत नाही. ते संशयी होते.

वाट कुठून निघते

सार्कच्या मोठ्या इमारतीकडून आता अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. आपत्तीत तत्काळ मदतीच्या सार्क करारावर २०११ मध्ये सह्या झाल्या होत्या. एप्रिल २०१५ मध्ये नेपाळ हादरला आणि सुमारे नऊ हजार माणसे गेली, तेव्हा भारताची विमाने काही तासांत पोचली, इतर देशही धावले, पण एकेकटे. बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या बिमस्टेक गटाने २०१८ मध्ये ग्रिड जोडणीचा सामंजस्य करार केला आणि आपत्तीचे सरावही घेतले. कागद वाढतो आहे, एवढेच त्यावर म्हणता येईल.

खरी वाट विजेच्या तारेतूनच निघते, असे मला वाटते. भारतीय ग्रिडमध्ये दिवसाचे ९६ भाग पाडलेले असतात, पंधरा-पंधरा मिनिटांचे. नेपाळची वीज या भागांनुसार ठरते, मोजली जाते, हिशेबात येते. ही वीज नदीच्या पाण्यावर होते. ती बनवणाऱ्या केंद्रातल्या माणसाला आपल्या नदीचे पाणी किती चढले हे दर पंधरा मिनिटांनी माहीत असते, कारण त्यावर त्याचे टर्बाइन चालते. म्हणजे वरच्या काठावर मोजणारा आहे, खालच्या काठापर्यंत पोचणारी तार आहे, बोलायची सवय आहे. दहा हजार मेगावॉटच्या करारात नसलेले कलम एकच: प्रत्येक केंद्राने विजेच्या आकड्याबरोबर पाण्याचा आकडाही खाली धाडावा, आणि संपर्काला दुसरा पर्यायी मार्ग असावा, जो दिवे गेले तरी चालेल.

दुसरी संधी तारखेसह समोर उभी आहे. गंगा कराराची तीस वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते. पुढचा करार जानेवारी ते मे या महिन्यांपुरताच असेल, की जून ते ऑक्टोबरही त्यात येतील? पावसाळ्यात वाटायचे पाणी नसते, उलट टाळायचे पाणी असते. म्हणून तिथे मोजणी सामाईक करायला हरकत कमी असावी. पावसाळ्यातले आकडे गोपनीय कपाटातून बाहेर काढले तरी वाटणीचा दावा दुबळा होत नाही. मेकाँग आयोगाचा चीन सदस्यही नाही, तरी २०२० पासून तो त्या आयोगाला वर्षभराचे आकडे देऊ लागला. आधी फक्त पावसाळ्यातले देत असे. म्हणजे हट्टी शेजारीही एखादे पाऊल पुढे टाकतो.

आणि सरकारे करतील तोवर लोकांनी काय करायचे, याचे उत्तर रातू नदीवर मिळाले आहे. नेपाळच्या महोत्तरीतून बिहारच्या सीतामढीत उतरणारी ही छोटी नदी. ईसीमोडने तिच्यावर पाणी चढले की वाजणारे यंत्र बसवले आणि ते सांभाळायला काठावरचाच माणूस नेमला. पाणी चढले की तो खालच्या गावाला फोन करतो, सीमेपलीकडच्या गावालाही. त्या फोनवर कोणत्याही मंत्रालयाची मोहोर नसते. तिकडची माणसे आणि गुरे मात्र उंचावर जातात.

डुंबूरच्या त्या खुलाशात नुसता वाद शोधला तर वादच सापडेल. त्यात एक वेळापत्रकही आहे: दुपारी तीनचा आकडा गेला, संध्याकाळी सहाला अडचण आली. पुढच्या करारात कोणी एखादी ओळ लिहिणार असेल, तर ती त्या तीन तासांबद्दलच असायला हवी.